जहाजावरचं जातं

"विकायचं नाय."

एवढं बोलून ते उजव्या हाताचा पंजा टपरीवरच्या एका लहान लाकडी जहाजावर धरायचे. दाबायचे नाहीत, कोंबडी पिल्लांवर पंख धरते तसा नुसता वर धरायचे. समोरचं जर्मन गिऱ्हाईक, कानांवर लोकरीची टोपी आणि हातात वाफाळता पेला, आधी त्यांच्याकडे बघायचं आणि मग माझ्याकडे. मी माझ्याजवळचा जर्मन भाषेचा सगळा साठा बाहेर काढून म्हणायचो, "नाइन. बिट्टे. डांके." नाही, कृपया, आभारी आहे. गिऱ्हाईक हसायचं, दुसरं एखादं जहाज उचलायचं, आणि मग ते पंजा हळूच काढून घ्यायचे.

मॉरिशसच्या मराठी माणसाने ऐन डिसेंबरात जर्मनीच्या बर्फात उभं राहावं, ते कशासाठी, तर एक जहाज न विकण्यासाठी. हे सांगायला बसलोय. आमच्या घरी मी गोष्ट सांगायला लागलो की मुलं "अयो पापा, परत तेच!" म्हणून उठून जातात. तुम्ही उठू नका. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस राहून गेला असेल. त्याला आठवत ऐका.

ते म्हणजे बो बासें गावातले आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घराच्या मध्ये एक लिचीचं झाड होतं. झाड त्यांचं, सावली आमची आणि लिच्या वटवाघळांच्या, अशी वाटणी होती. मी त्यांना काका म्हणायचो. आम्ही दोघं एकाच कारखान्यात कामाला; तिथे सगळे त्यांना तोंतों म्हणत. क्रेओलमध्ये, म्हणजे आमच्या बेटावरच्या बोलीत, त्याचाही अर्थ काकाच. हा कारखाना वर डोंगराकडे, क्यूरपीप गावात होता. जुन्या काळच्या शिडाच्या जहाजांच्या लहान लाकडी प्रतिकृती तिथे बनत आणि पर्यटक त्या विमानात मांडीवर घेऊन जात. काका जहाजाचं पोट आणि वरचा डेक करायचे. मी दोऱ्या बांधायचो. शिडं आणि दोऱ्या जुन्या दिसाव्यात म्हणून आम्ही त्या चहात बुडवून वाळवायचो. त्यामुळे आमच्या टेबलाला कायम शिळ्या चहाचा वास. त्या टेबलावर सगळ्या बायका आणि मी एकटा पुरुष. माझ्या गाठी इतक्या वाईट असत की त्या बायका मी डबा खायला गेलो की सोडून पुन्हा बांधत. हे मला फार उशिरा कळलं, त्यांतल्या एकीशी माझं लग्न झाल्यावर.

आता जात्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

काकांच्या घरी एक दगडी जातं होतं. त्यांचा आजा मुंबईहून ऊस तोडायला आला तेव्हा जहाजावर घेऊन आला, असं ते सांगत. लोक म्हणत, "कोण आणतंय जातं एवढ्या लांब? आपल्याच डोंगराचा काळा दगड आहे हा." काका चिडायचे नाहीत. "जहाजावर दळत बसली म्हून तर माणसं शाबूत पोचली," एवढंच म्हणायचे. खरं काय ते समुद्राला ठाऊक. पण आमच्या भागातल्या मराठी घरांत लग्न निघालं की हळद त्याच जात्यावर दळायची, अशी रीत पडली होती. जातं मागून न्यायचं, आंब्याची पानं बांधायची, बायकांनी हळद दळायची आणि लग्नानंतर परत करायचं. परत करताना त्याच्या तोंडात मूठभर तांदूळ घालायचे. रिकामं जातं कधी परत करायचं नाही. रिकामं परत आलं तर त्या घरचं दळण थांबतं, असं म्हणत.

माझ्या लग्नात मीच ते न्यायला गेलो होतो. काकी, म्हणजे काकांची बायको, ओट्यावर बसून भाजी निवडत होत्या. मला वर-खाली बघून म्हणाल्या, "तू उचलणार? गाठ बांधता येत नाय म्हणे तुला!" मी म्हटलं, "उचलतो की." त्या म्हणाल्या, "उचल. आणि याद ठेव, रिकामं आणलंस तर दारातनंच माघारी लावीन. मग नवरदेव असशील तुझ्या घरचा." मी ते जातं कवटाळून रस्त्याने निघालो तेव्हा सायकलवरच्या एका पोराने क्रेओलमध्ये ओरडून विचारलं, बायको याहून हलकी आहे ना?

काकाकाकींना एकच मुलगा. लहान असताना तो एकदा बेटाच्या दक्षिण टोकाला, सूयाकच्या किनाऱ्यावरून दोन काळे गोटे घेऊन आला आणि सबंध सुटी पायरीवर घासत बसला. त्याने एक जातं केलं. शर्टाच्या बटणाएवढं. वरची तळी खालच्या तळीवर फिरायची, काडीचा खुंटा होता, आणि तोंडात मोहरीचा एक दाणा मावायचा. काकांनी ते बघितलं. मग रविवारचे रविवार घरी बसून त्यांनी एक जहाज केलं, आजाचं जहाज. त्या जहाजाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, नकाशा कुठला असणार? कारखान्यातल्या फ्रेंच लढाऊ जहाजाचाच सांगाडा घेतला, तोफांची भोकं बुजवली, आणि डेकच्या मधोमध, मोठ्या डोलकाठीच्या पुढे, पोराचं ते जातं गोंदाने बसवलं. आमच्या मालकाने एकदा ते पाहिलं. "की सा सा?" हे काय आहे? काका म्हणाले, "मूलें, मुस्यू." जातं, साहेब. मालक इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली.

मुलगा मोठा झाला. साखरेचे बरे दिवस आले तसे गेले, आणि त्याच्या वयाच्या पोरांना इथे काम मिळेना. मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात त्याला जागा मिळाली. जाताना काकी म्हणाल्या, "दोन वर्सं. मग हळद दळायची." तो म्हणाला, "दळ. मी मुलगी बघून ठेव म्हणत नाय, तू ठेवशीलच." जर्मनीच्या एका बंदरात तो जहाजावरून उतरला आणि पुन्हा चढला नाही. नंतर ल्युबेक नावाच्या शहरातून त्याचं एक चित्राचं कार्ड आलं. बर्फ, लाल विटांची चर्चं, आणि चौकात दिव्यांनी पिवळ्या झालेल्या छोट्या छोट्या लाकडी टपऱ्या. मागे लिहिलं होतं: 'बाबा, इथे नाताळच्या आधी महिनाभर बाजार भरतो. सगळं गाव या चौकात येतं. घरात कोणी राहत नाही.'

त्यानंतर काही नाही. काकांनी जहाजाच्या कंपनीला विचारलं, मोठ्या कचेऱ्यांना विचारलं. या नावाचा माणूस आमच्याकडे नाही, अशीच उत्तरं आली. काकी दोन वर्षं थांबल्या, मग तिसरंही थांबल्या, आणि एका पावसाळी आठवड्यात तापाने गेल्या. कार्ड देवाच्या फळीवर गणपतीशेजारी राहिलं. काका रोज उदबत्ती दोघांपुढून फिरवायचे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमची जहाजं विकत घेणारा एक जर्मन व्यापारी मालकाकडे आला. म्हणाला, नाताळच्या बाजारात टपरी घेतो. तुमची दोन माणसं द्या, लोकांसमोर बसून जहाज बनवतील, माल चांगला खपेल. कारखान्यात एकच गोंधळ उडाला. ज्याला त्याला जायचं होतं. मालकाने शहराचं नाव सांगितलं आणि काका, जे सूयाकच्या पलीकडे कधी गेले नव्हते आणि ज्यांनी मालकापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, ते हातातलं रंध्याचं पातं खाली ठेवून उभे राहिले. म्हणाले, "मी जानार."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना कार्ड ठाऊक होतं.

दुसरा माणूस मी. माझ्या गाठींमुळे नव्हे, हे सांगायला नको. मी पूर्वी एका हॉटेलात सामान उचलायचो, तिथे जर्मन पर्यटकांकडून चार शब्द शिकलो होतो. त्या चार शब्दांतला एक बिअर होता.

क्यूरपीपला संध्याकाळी वारा सुटला की आम्ही स्वेटर घालून "काय थंडी!" म्हणायचो. ल्युबेकला उतरल्यावर मला त्या सगळ्या संध्याकाळींची लाज वाटली. आमची राहायची सोय एका विधवा बाईंकडे होती. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि कपाटातून मेलेल्या नवऱ्याचे दोन ओव्हरकोट काढले. नवरा भलताच उंच असावा. काकांचा कोट घोट्यापर्यंत आला. भाजीच्या मळ्यातल्या बुजगावण्याला कुणी थंडी वाजते म्हणून झाकलंय असे दिसत होते.

आणि बाजार! कार्डावरचाच चौक. त्याच विटा, तेच पिवळे दिवे. फांद्यांची हिरवी तोरणं, तारे, लाकडी बाहुल्या गोल गोल फिरताहेत, कुठे पोरं गाताहेत, कुठे साखरेत बदाम परतले जाताहेत. सगळ्यात आश्चर्य वासाचं. दालचिनी, लवंग, बडीशेप! आमच्या घरचा मसाल्याचा डबा कुणीतरी बर्फावर उपडा केला होता. गरम लाल पेय मोठाल्या भांड्यांतून विकत होते. काकांनी घोट घेतला आणि म्हणाले, "ह्यो तर हिचा खोकल्याचा काढा!" मी म्हटलं, "काका, दारू आहे ती." त्यांनी पेल्यात पाहिलं, विचार केला, आणि म्हणाले, "मला तसा खोकला हाये जरा."

ते मी त्यांना शेवटचं मोकळं हसताना पाहिलं.

आमची टपरी कोपऱ्यावर होती. काकांनी विकायची जहाजं मागच्या फळीवर लावली आणि घरून कपड्यांत गुंडाळून आणलेलं आजाचं जहाज पुढे, अगदी कडेला ठेवलं. मला तेव्हा समजलं की त्यांनी हे काम का मागितलं. सगळं गाव या चौकात येतं. तोही येईल. आला तर जहाजाजवळ थांबेल. दुनियेत हे जहाज ओळखणारा एकच माणूस आहे. डेकवर जातं असलेलं जहाज दुसरं कुणी केलेलं नाही.

ते समोर येणाऱ्या प्रत्येकाला जात्याकडे बोट दाखवून मराठीतच विचारायचे, "ह्ये काय हाय, सांगा बघू?" मी खुणांनी भाषांतर करायचो. जर्मन माणसं खेळ समजून उत्तरं द्यायची. एक म्हणाला चीज. एक म्हणाली केक. एका म्हाताऱ्याने खात्रीने सांगितलं की नांगर वर ओढायचं चाक. काका मान हलवायचे. "नाय." मग त्या माणसाने विकत मागितलं की पंजा.

शेजारी एक तुर्की माणूस भाजलेले चेस्टनट विकायचा, आपल्या फणसाच्या आठळ्यांसारखे. त्याला आम्ही काहीच सांगू शकलो नव्हतो, तरी आठवड्याभरात त्याला सगळं कळलं. गर्दीत कुणी सावळा तरुण दिसला की तो शिट्टी मारायचा आणि काका जागचे उठायचे, कोटात पाय अडकत. एकदा खरंच आपल्यासारखा एक मुलगा आला. केस तसेच, चाल तशी. काकांच्या हातातली पटाशी खाली पडली. मुलगा जवळ आला तेव्हा दिसलं की तो नव्हे. सिलोनचा कुणी विद्यार्थी होता. तरी काकांनी विचारलंच, "ह्ये काय हाय, सांग बघू?" त्याने वाकून पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला, चाक आहे का? काका म्हणाले, "नाय, बाबा." त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो ठेवलाच. त्या मुलाला निघायचं होतं, पण बिचारा उभा राहिला.

बाजारात रंगीत फितीला टांगलेली, हृदयाच्या आकाराची मसाल्याची बिस्किटं मिळायची. काकांनी पहिल्याच दिवशी एक घेतलं आणि कागदात बांधून कोटाच्या खिशात ठेवलं. मी विचारलं, "खात का नाही?" म्हणाले, "आला तर काय द्यायचं हातावर?"

नाताळ जवळ आला. शेवटच्या दिवशी बाजार दुपारीच आवरायला लागला. काका कडेला उभे होते, आणि मी त्यांच्याकडे न बघता दोऱ्या गुंडाळत होतो. तेवढ्यात एक पांढऱ्या मिशीचे गृहस्थ आले. महिन्याभरात ते चार-पाच वेळा येऊन आजाचं जहाज मागून गेले होते, आणि दर वेळी पंजा बघून टोपी उचलून नमस्कार करून गेले होते. त्यांनी पुन्हा विचारलं. काकांनी पंजा उचलला आणि तो हवेतच राहिला.

मला म्हणाले, "इचार त्यांना, घर रस्त्यावर हाय का?"

"काय?"

"खिडकीत ठेवतील का म्हनून इचार. रस्त्याच्या अंगाला."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज बाईंच्या घरून येता-जाता आम्ही ते बघत होतो: त्या गावात खिडक्या सजवतात. पडद्याच्या पुढे मेणबत्त्या, तारे, चिनी मातीची कुत्री, आणि घरोघरी जहाजं. आतले लोक बघत नाहीत; ते रस्त्यावरच्यांसाठी असतं. काका म्हणाले, "माझ्यापाशी राहिलं तर मी हाय तवर दिसंल. मी तर उद्या जातो. खिडकीत बारा महिनं राहील. तो कदी तरी त्या रस्त्यानं जाईलच की."

मी चौकातल्या एका खिडकीकडे बोट दाखवलं, जहाजाकडे दाखवलं, रस्त्याकडे दाखवलं, आणि "बिट्टे" इतक्या वेळा म्हटलं की मिशीवाल्यांना माझी काळजी वाटली असावी. पण ते समजले. छातीवर हात ठेवून त्यांनी वचन दिलं आणि एका कागदावर रस्त्याचं नाव लिहिलं. काकांनी जहाज स्वतः गुंडाळलं. देण्याआधी करंगळीने जातं एकदा फिरवून पाहिलं.

घरी परतल्यावरचं ते वर्ष काकांचं चांगलं गेलं, हे सांगताना मला आजही जड जातं. बसमध्ये, कारखान्यात, गणपतीच्या देवळात, ते भेटेल त्याला सांगायचे, "खिडकीत हाय आता." लिचीच्या झाडाखाली बसून मला म्हणायचे, "आता तिकडं काय वाजलं असंल? दिवे लागले असतील बग." घराला रंग दिला. एक जास्तीची खाट आणली. माझी आई कुजबुजली, "काय रे, कार्ड आलं का पोराचं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग ह्यांना झालंय काय?"

दुसऱ्या हिवाळ्यात व्यापाऱ्याने आम्हांलाच पुन्हा बोलावलं. माल खपला होता ना. तेच कोट, तोच कोपरा, तुर्की माणसाने तर काकांना मिठीच मारली. पहिल्याच रविवारी बाजार उघडायच्या आधी आम्ही कागदावरचा रस्ता शोधत निघालो. काकांनी दाढी केली होती. खिशात नवं बिस्कीट होतं.

खिडकी सापडली. तळमजला, अगदी रस्त्याला लागून, कुणीही थांबावं अशी. मेणबत्त्यांच्या मध्ये आजाचं जहाज होतं, धूळ पुसलेलं, शिडं ताठ. गृहस्थाने वचन पाळलं होतं. काका काचेला नाक लावून उभे राहिले. काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं. पुन्हा आलं, पुन्हा पुसलं.

मीही वाकलो. मोठ्या डोलकाठीच्या पुढे, डेकवर, एक गोल फिकट डाग होता. शर्टाच्या बटणाएवढा. बाकी काही नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून मिशीवाले बाहेर आले. आम्हांला ओळखून त्यांना इतका आनंद झाला! आम्हांला आत नेलं, बायकोला हाक मारली, कॉफी आणि केक पुढे ठेवला. मग एक जाडजूड पुस्तक आणून जुन्या जहाजांची चित्रं दाखवली. हळूहळू, बोटाने दाखवत, सोपे शब्द वापरत समजावलं; तोवर माझ्या चार शब्दांचे चाळीस झाले होते. त्यांनी सगळी पुस्तकं पाहिली. अशा जहाजावर असली वस्तू कधीच नसते. दुसऱ्या कुठल्या खेळण्याचा तुकडा चुकून चिकटला असणार. म्हणून अलगद, लाकडाला ओरखडा न येऊ देता, त्यांनी तो काढला होता. कधी? घरी नेलं त्याच आठवड्यात.

त्याच आठवड्यात. म्हणजे वर्षभर आम्ही बो बासेंला "खिडकीत हाय" म्हणत होतो तेव्हा खिडकीत एक फ्रेंच जहाज होतं, शहरातल्या दहा खिडक्यांत असतं तसं.

काका मला म्हणाले, "इचार, कुनी थांबलं व्हतं का खिडकीपाशी? आपल्यासारकं?"

मी विचारलं. बाई आणि गृहस्थ एकमेकांकडे बघून हसले. पुष्कळ थांबतात, ते म्हणाले. आम्ही पडदा ओढून घेतो, कोण ते बघत नाही. तसं बघणं बरं दिसत नाही.

मग त्यांना काही आठवलं. उठून त्यांनी खणातून एक काडेपेटी आणली आणि दोन्ही हातांनी काकांना दिली. कारागिराची वस्तू आहे, टाकवेना, म्हणून जपून ठेवली होती. काकांनी पेटी सरकवून बघितली. जातं कापसात ठेवलं होतं. त्यांनी पेटी बंद केली, मान लववून "डांके" म्हटलं, आणि मला म्हणाले, "सांग त्यांना, गोंद कमी पडला माझा."

मी सांगितलं नाही. सांगायला शब्द नव्हते, आणि असते तरी सांगितलं नसतं.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. घंटा वाजत होत्या, लोक नटूनथटून चौकाकडे निघाले होते. काका कोपऱ्यापर्यंत चालले आणि थांबले. काडेपेटी उघडून त्यांनी जातं बोटाने चाचपलं.

"रिकामं दिलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, त्या माणसाला काय ठाऊक आपली रीत?"

"त्याला कुटनं ठावं असनार? त्याचं काय चुकलं?" मग त्यांनी खिशातलं बिस्कीट काढलं, कागद सोडला, कडेचा एक कण नखाने तोडला, आणि त्या मोहरीएवढ्या तोंडात दाबून बसवला. "रिकामं न्यायचं नाय," म्हणाले. उरलेलं बिस्कीट त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. "खा तू."

त्यानंतर ते टपरीवर मान खाली घालून काम करत राहिले. तुर्की माणसाने एकदा शिट्टी मारली, दुसऱ्यांदा मारली. काका उठले नाहीत. तिसऱ्यांदा त्याने मारली नाही.

पुढच्या वर्षी व्यापाऱ्याला काकांनी नाही म्हटलं. मालकाने दोन देखणी पोरं पाठवली. माल आणखी खपला म्हणे. काका कारखान्यात येत राहिले. फ्रेंच जहाजं करायचे, पुस्तकात असतात तशी, तोफांसकट. आजाच्या जहाजाचा विषय कुणी काढला नाही. ती काडेपेटी पुढे कुठे गेली, मला माहीत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा रीतीप्रमाणे मी जातं मागायला गेलो. जास्तीची खाट भिंतीला उभी टेकवलेली होती. काका ओट्यावर, काकी बसायच्या त्याच जागी बसले होते. मी म्हटलं, "काका, जातं न्यायला आलोय."

"ने."

"पाचव्या दिवशी आणून देतो."

"आनू नको," ते म्हणाले. "ठेव तुझ्याकडं."

"असं कसं काका? तुमच्याकडे हळद..." एखाद्याने नको ते दार ढकलावं आणि ते उघडंच निघावं, तसं झालं.

ते माझ्याकडे बघून हसले. ते हसू नव्हतं. चेहऱ्याला जुनी सवय होती, एवढंच. "हळद?" ते म्हणाले. "कुनाची?"

तरी पाचव्या दिवशी मी तांदूळ भरून जातं घेऊन गेलो. दार लावलेलं होतं. आत ते होते. रेडिओ चालू होता. मी हाक मारली. रेडिओ बंद झाला. मी ओट्यावर बराच वेळ बसलो, जातं मांडीवर घेऊन, लिचीच्या झाडावर वटवाघळं यायला लागेपर्यंत. मग घरी आणलं.

काका गेले ते एका डिसेंबरात. झोपेतच गेले. रस्त्यावर गुलमोहर लालबुंद फुलला होता, ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं, आणि दुकानांच्या काचांवर नाताळचा कापसाचा बर्फ लावला होता. स्मशानात अग्नी द्यायला मुलगा कुठे आहे, असं भटजींनी विचारलं. मी पुढे झालो. मडक्याला दोरी बांधायची होती, ती गाठही माझ्याच्याने नीट बसली नाही.

जातं आमच्याकडेच आहे. लग्नं निघाली की लोक मागायला येतात, नेतात, तांदूळ घालून परत आणतात. एरवी ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असतं. काकांच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. दरवर्षी गणपतीच्या आधी बायको जात्याच्या तोंडातले तांदूळ काढते; त्यांना किडे लागलेले असतात. ताजे धुऊन वाळवून मूठभर भरते. परवा मी तिला म्हटलं, "कशाला दर वर्षी? आपल्याच घरात तर आहे."

ती तांदूळ बोटाने दाबत होती. "आपलं कुठाय?" ती म्हणाली. "परत करायचंय ना."